कोरडी कॉइल

मोटरसायकलच्या इंजिनाला डाव्या बाजूने तेलाची ओल दिसली आणि माझ्या पोटात गोळा आला.

आता तुम्ही म्हणाल, चार थेंब तेल बघून पोटात गोळा येणारा माणूस जरा अतीच असला पाहिजे. असेन. पण मी वीज खात्यात सुरक्षा निरीक्षक आहे. लोकांच्या लिफ्ट, गिरण्या, छापखाने तपासायचे आणि बोर्डाजवळच्या भिंतीला ओल दिसली की नोटीस काढायची, हे माझं काम. 'वीज आणि ओल यांना शेजार नको' ही आमच्या खात्याची पाटी सगळीकडे लागली आहे, तो मजकूर माझा. घरात गीझरचं बटण दाबायच्या आधी मी हात दोनदा पुसतो. बायको म्हणते, "अहो, बटण आहे ते, चावत नाही." तिला काय जातंय बोलायला. जळलेले बोर्ड मी बघितलेत.

गाडी मुलीची. घरात तिला आम्ही चिंगी म्हणतो, आता ती माझ्यापेक्षा उंच झाली आहे तरी. तिला नोकरी लागली होती. डोंगरातल्या गावांमधून फिरायचं, विहिरीचं, झऱ्याचं, टाकीचं पाणी बाटल्यांत भरायचं आणि त्याच दिवशी खाली प्रयोगशाळेत आणून द्यायचं. त्यामुळे नेमणुकीच्या पत्रात एक अट होती : उमेदवाराचं स्वतःचं दुचाकी वाहन चालू स्थितीत असावं आणि गुरुवारी रुजू होताना ते साहेबांना समक्ष दाखवावं. वाहन नसेल तर जागा यादीतल्या पुढच्या माणसाला. यादीतला पुढचा माणूस म्हणे रोज ऑफिसात येऊन चौकशी करून जात होता.

एक गोष्ट इथेच स्पष्ट करतो, कारण पुढे यावरूनच सगळं रामायण झालं. या नोकरीला माझा विरोध नव्हता. मी फक्त प्रश्न विचारत होतो. घाटात पंक्चर झालं तर? धुकं उतरलं तर? वळणावर कुत्रं आडवं आलं तर? फोनला रेंज नसली तर? सकाळी दात घासताना एक सुचायचा, ऑफिसात दोन, आणि जेवताना तर रांग लागायची.

"बाबा, मी जायला नकोय ना तुम्हाला? मग सरळ सांगा," चिंगी म्हणायची.

"मी कुठे म्हणतोय? जा की. मी आपलं विचारतोय."

"विचारताय कुठे? घाबरवताय."

तर अशा वातावरणात ती ओल दिसली. मी वाकून बघत होतो तेवढ्यात कर्नल आले. कर्नल म्हणजे आमचे समोरच्या ब्लॉकमधले शेजारी. सैन्याशी त्यांचा संबंध एवढाच, की त्यांना भरघोस मिशा आहेत. आयुष्यभर त्यांनी चपलांचं दुकान चालवलं. पण एखाद्या वस्तूकडे ते असे डोळे बारीक करून बघतात, की आपल्याला वाटतं, यांना सगळं माहीत आहे.

"या झाकणाच्या आत काय असतं ठाऊक आहे?" ते म्हणाले. "कॉइल. स्टेटर म्हणतात तिला. गाडीची सगळी वीज तिथे तयार होते."

"आणि तिथे तेल?"

कर्नलनी डोळे मिटले. "चालत्या गाडीत," ते हळूच म्हणाले.

 मला तेवढं पुरे झालं. मला घाट दिसला, वळण दिसलं, आणि इंजिनातून निघणारी ठिणगी दिसली. मी ताबडतोब उस्तादला फोन लावला. उस्ताद म्हणजे आमच्या कोपऱ्यावरचा मेकॅनिक. बोलायला घेतलं तर विमानही दुरुस्त करून देईल. तो म्हणाला, "फार गर्दी आहे साहेब, शुक्रवारी आणा." गुरुवारी गाडी दाखवायची आणि हा शुक्रवारी आणा म्हणतो! चिंगी बाहेर गेली होती. म्हटलं, ती यायच्या आत आपणच उरकून टाकू. झाकणाचे बोल्ट काढायचे, आतली ओल पुसायची, झाकण लावायचं. नाहीतरी मी तांत्रिक खात्यातला माणूस. खात्यात मी स्वतः पाना हातात धरलेला नाही ही गोष्ट खरी, पण धरणाऱ्यांच्या चुका मी कितीतरी वर्षं काढत आलो आहे.

झाकण सैल होताच आतून तेलाचा लोटच आला. आधी खालचा नट काढून तेल काढून घ्यायचं असतं, हे कर्नलना तेव्हा आठवलं. मी बादली आणेपर्यंत तेल फरशीच्या उताराने निघालं आणि थेट सेक्रेटरींच्या मोटारीच्या टायरपाशी जाऊन थांबलं. सोसायटीच्या सेक्रेटरींना असल्या गोष्टींचा वास येतो. ते खाली हजर.

"साहेब, पार्किंगमध्ये दुरुस्तीला मनाई आहे. ठराव आहे तसा."

"ही दुरुस्ती नाही," मी म्हणालो. "ही तपासणी आहे."

"मग हे तेल?"

"तपासणीत आढळलेलं तेल आहे."

 असली उत्तरं लोक मला रोज देतात, पण आपल्यालाच द्यावी लागली की घाम फुटतो. शेवटी संध्याकाळपर्यंत फरशी लख्ख करून देण्याच्या बोलीवर ते वर गेले.

आणि मग मी आत बघितलं. चकतीवर गोल मांडलेली तांब्याच्या तारेची वेटोळी, आणि ती सगळी तेलात न्हायलेली! तारेतारेतून तेल ठिबकत होतं.  म्हटलं, अरे देवा, माझी पोरगी इतके दिवस यावर बसून फिरत होती.

कामाला लागलो. एक बनियन फाडलं. कापसाचे बोळे केले. बायकोचा केस वाळवायचा पंखा आणला, त्यासाठी पहिल्या मजल्यावरून वायर सोडली, ती वायर आधी तपासून घेतली. कर्नल पंखा धरत होते, मी पुसत होतो. लहान मुलाला आंघोळीनंतर कानामागे वगैरे पुसतात ना, तसं एकेक वेटोळं पुसून मी कोरडंठाक केलं. तेवढ्यात कर्नलनी बोट दाखवलं. इंजिनाच्या भिंतीत, कॉइलच्या बरोबर रोखाने, एक बारीक भोक होतं आणि त्याच्या तोंडाशी तेलाचा थेंब लोंबत होता.

"सापडला!" कर्नल म्हणाले. "इथून येतंय."

"च्यायला," मी म्हणालो. एरवी मी असं बोलत नाही.

झाकण चिकटवायला सीलंटची ट्यूब आणली होतीच. राखाडी रंगाचं ते सीलंट मी करंगळीने त्या भोकात दाबून दाबून भरलं. मग झाकण बसवलं, नवीन तेल ओतलं, गाडी सुरू करून बघितली. थेंब नाही! बाहेरून इंजिन असं कोरडं, की आमच्या खात्यातर्फे प्रमाणपत्र द्यावं. कर्नलनी माझ्या पाठीवर थाप मारली. मी फरशी घासली, आंघोळ केली, आणि कितीतरी आठवड्यांनी दुपारी शांत झोपलो.

दुसऱ्या दिवशी रविवार. चिंगी म्हणाली, गुरुवारच्या आधी एकदा घाट चढून येते, रस्ता बघून होईल. मी चक्क एकही प्रश्न विचारला नाही. बायकोने माझ्या कपाळाला हात लावून बघितला.

पण ती वळणाआड गेली आणि माझं नेहमीचं सुरू झालं. गॅलरीत जा, आत ये, परत गॅलरीत जा. चहा गार झाला. वर्तमानपत्राचं एकच पान मी इतक्या वेळा वाचलं, की बायको म्हणाली, "पाठ म्हणून दाखवायचंय का?" ऊन चढलं, उतरायला लागलं. फोन लागेना. आणि मग गल्लीच्या तोंडाशी चिंगी दिसली. गाडीवर बसलेली नव्हती. गाडी ढकलत होती. हेल्मेट कोपराला अडकवलेलं, चेहरा लालबुंद, शर्ट घामाने चिकटलेला.

मी धावत खाली गेलो.

"घाट चढताना आधी दिवा मंद झाला," ती धापा टाकत म्हणाली. "मग हॉर्न बसला. मग बंदच पडली. आणि बाबा, वास येतोय बघा कसला तरी."

वास मला लांबूनच आला होता. तारेवरचं वॉर्निश जळलं की असा कडवट वास येतो. माझी सगळी नोकरी या वासामागे गेली आहे. 

"बॅटरी असेल," मी म्हणालो.

उस्तादने मला शुक्रवार सांगितला होता. चिंगीने जाऊन दोन शब्द बोलताच त्याने सोमवारी सकाळी गाडी आत घेतली. आधी तो बॅटरीवर बोलला, मग वायरिंगवर, मग आजकालच्या गाड्यांवर, मग आजकालच्या सरकारवर, आणि शेवटी त्याने झाकण उघडलं. कॉइल तव्यावर विसरलेल्या पोळीसारखी करपली होती. तो आत बोट घालून बघतो न बघतो तोच ओरडला.

"कोण गाढव हो हा? तेलाचं भोक बुजवलंय! अहो, इंजिनाचं तेल इथून उडतं कॉइलवर. आतलं सगळं त्याच तेलावर फिरतं आणि त्याच तेलाने गार राहतं. वीज काढताना कॉइल तापते, तेल तिची धग घेऊन खाली जातं, गार होऊन परत वर येतं. आणि या दीडशहाण्याने तिला कोरडी ठेवली! घाटात जळेल नाही तर काय होईल?"

"म्हणजे... तेल आत असायलाच हवं?" मी विचारलं.

"असायलाच हवं म्हणजे? बाहेर जी ओल येत होती ती गॅस्केटमुळे. झाकणामधला साधा कागद जुना झाला होता. कोणी उघडलं होतं हे?"

गॅरेजमधले सगळे माझ्याकडे बघत होते, निदान मला तसं वाटलं.

"काय एकेक लोक असतात!" मी म्हणालो.

 चिंगीने केसातली पिन काढली, वाकली आणि त्या भोकातून सीलंट हळूहळू ओढून काढलं. राखाडी रंगाची एक लांब अळी बाहेर आली. तिने ती तळहातावर घेतली. मग तिने माझ्या उजव्या हाताकडे बघितलं. करंगळीच्या नखात तेच राखाडी सीलंट अजून बसलेलं होतं. दोनदा साबण लावूनही गेलं नव्हतं. मी हात खिशात घातला, पण तोपर्यंत व्हायचं ते होऊन गेलं होतं.

 घरी आल्यावर तिने दार लावलं आणि म्हणाली, "बाबा, मुद्दाम केलंत?"

मला आधी कळलंच नाही ती काय म्हणतेय. मग कळलं. लोकांनी मला भित्रा म्हटलंय, किरकिऱ्या म्हटलंय, एका गिरणीवाल्याने तर नोटिशीच्या पाठीवर काय काय लिहून पाठवलं होतं. ते सगळं मी पचवलंय. पण हे?

"अगं, मुद्दाम कशाला करीन? तुला काही होऊ नये म्हणून..."

"मला जायला मिळू नये म्हणून," ती म्हणाली, आणि आत जाऊन दार लावून घेतलं. आतून रडण्याचा आवाज आला. ती रडते तेव्हा पाच वर्षांचीच होते.

मी बायकोकडे बघितलं. निदान तिने तरी माझी बाजू घ्यावी. मी तिला पहिल्यापासून सगळं सांगितलं : तांब्याची तार, त्यातून वाहणारी वीज, आणि त्यावर चक्क तेल! कोणता शहाणा माणूस ते तसं राहू देईल?

बायकोने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "अहो, तुमच्या ऑफिसच्या आवारात तो एवढा मोठा ट्रान्सफॉर्मर आहे ना, त्याच्या आत काय असतं?"

"कॉइल."

"आणि कॉइलभोवती?"

 ट्रान्सफॉर्मरमध्ये तेल असतं. काठोकाठ असतं. ते कशासाठी असतं हे शाळेतली मुलंही सांगतील. तेल कमी झाल्यास कॉइल तापून जळते, तरी पातळी वेळोवेळी तपासावी, हे वाक्य आमच्या खात्याच्या पुस्तिकेत आहे आणि ते मीच लिहिलंय. त्या ट्रान्सफॉर्मरच्या सावलीत मी रोज माझी स्कूटर लावतो. एवढं असून पार्किंगमध्ये मला काय झालं होतं? एकच झालं होतं. गाडीवर चिंगी बसणार होती. तिचं नाव आलं की माझ्या डोक्यातलं सगळं शिक्षण पळून जातं आणि नुसती पाटी उरते.

आता नवी कॉइल आणायची. सुट्या भागांच्या एका प्रशस्त दुकानात काउंटरवर एक गृहस्थ बसले होते. चष्मा कपाळावर, बोलणं अगदी मऊ.

"जुना भाग दाखवा. त्यावरचा क्रमांक लागतो."

मी करपलेली कॉइल पुढे केली. त्यांनी नाकाला रुमाल लावला.

"क्रमांक जळलाय."

"अहो, कॉइलच जळली आहे. म्हणून तर नवी हवी."

"ते बरोबर. पण क्रमांक वाचता येत नाही ना? वाचता येईल असा क्रमांक घेऊन या."

काय सांगू तुम्हाला, ते वाक्य ऐकून मला भोवळच आली. कारण ते माझं वाक्य होतं. कितीतरी लोकांना मी जळलेल्या मीटरचा वाचता येईल असा क्रमांक आणायला परत पाठवलंय, आणि ते जाताना काय पुटपुटत असतील हे मला आता शब्दशः कळलं. मी विनवण्या केल्या, वीज खात्यात आहे म्हणून सांगितलं (त्यावर ते म्हणाले, "आमच्याकडे कालच वीज गेली होती"), गुरुवार सांगितला, मुलगी सांगितली. ते मऊच राहिले.

शेवटी मी तिथल्याच बाकावर बसून अर्ज लिहिला. विषय, संदर्भ, खाली 'आपला नम्र'. क्रमांक जळून गेला असून तो परत मिळणं शक्य नाही, तरी इंजिनाच्या क्रमांकावरून भाग देण्यात यावा, असा साधा मजकूर. गृहस्थांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि अर्ज दोनदा वाचला. त्यांच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं. "असं रीतसर आणलंत म्हणजे बरं पडतं," ते म्हणाले, आणि मागच्या फळीवरून कॉइल काढून दिली. ती सगळा वेळ त्यांच्या पाठीमागेच होती.

उस्तादने बुधवारी काम पुरं केलं. नवी कॉइल, नवं गॅस्केट, मोकळं भोक, ताजं तेल. मी लांब उभा होतो. मला हात लावू द्यायचा नाही अशी चिंगीची सूचना होती, आणि उस्ताद ती मोठ्या आनंदाने पाळत होता. इतक्या वेळात चिंगी माझ्याशी बोलली नव्हती. जेवताना मीठ हवं असलं तर आईकडे मागायची, मीठ माझ्यासमोर असलं तरी. माझ्याकडे प्रश्न साठत होते, पण विचारू कोणाला?

गुरुवारी सकाळी मी आपला उगाच पार्किंगमध्ये जाऊन उभा राहिलो. ती आली. इस्त्रीचा शर्ट, पाठीवर सॅक, मागे बाटल्यांचा खोका बांधलेला. गाडीवर बसली, किल्ली लावली. मग दोन्ही पाय खाली टेकून तिने गाडी अगदी सरळ धरली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "बाबा, जरा ऑइल बघा."

इंजिनाच्या खालच्या अंगाला एक छोटी गोल काच असते. गाडी सरळ धरली की तेलाची पातळी त्यात दिसते. पण धरणाऱ्याला स्वतःला दिसत नाही, दुसऱ्या कोणीतरी खाली वाकावं लागतं. मी गुडघ्यांवर बसलो, चष्मा पुसला, काचेला नाक लावलं.

"काय दिसतंय?" तिने सहज विचारल्यासारखं विचारलं. पण हँडल तिने घट्ट आवळून धरलं होतं. मला कळलं, मी नुसतं 'जरा कमी वाटतंय' म्हटलं तरी पुरे होतं. मग उस्ताद, मग शुक्रवार, मग यादीतला पुढचा माणूस. तिलाही हे कळत होतं, आणि तरी तिने मलाच बघायला सांगितलं होतं.

"वरच्या रेषेला टेकलंय," मी म्हणालो.

"नक्की?"

"नक्की."

"मग निघू?"

आजपर्यंत ती मला जाणार म्हणून सांगत आली होती. विचारलं असं आजच. पंक्चर, धुकं, कुत्रं, रेंज, सगळे प्रश्न घशाशी गोळा झाले. मी ते गिळले आणि म्हणालो, "नीघ."

ती गेली. मी तसाच गुडघ्यांवर बसून गाडीचा आवाज ऐकत राहिलो. तेवढ्यात सेक्रेटरी आले आणि माझे डोळे बघून नरमले.

"मुलगी परदेशी निघाली का हो?"

"नाही. डोंगरात. संध्याकाळी येईल."

त्यांनी माझ्याकडे जरा विचित्र बघितलं, पण हात देऊन उठवलं.

दुपारी फोन आला. मी पहिल्या घंटेला उचलला.

"झाले रुजू!" चिंगी ओरडली. "साहेबांनी गाडीभोवती एक चक्कर मारली, हॉर्न वाजवून बघितला आणि सही केली."

"नुसता हॉर्न?" माझ्यातला निरीक्षक खवळला. "अगं, असं कसं? डोंगरात पाठवायची गाडी, आणि त्यांनी तेलसुद्धा बघितलं नाही?"

"तेल तुम्ही बघितलंय ना," ती म्हणाली.